आपल्या शहरांतील ट्रामगाडी

मुंबईत दादरच्या पूर्वेस जो मोठा चौक आहे, त्याचे दप्तरी नाव खोदादाद सर्कल. पण बसमध्ये चढणारा मनुष्य कंडक्टरजवळ तिकीट मागतो ते ‘दादर टी. टी.’चे. ही दोन अक्षरे कशाची, असे विचारले तर आजच्या पिढीतील पुष्कळांस उत्तर देता येत नाही. कोणी त्यांचा संबंध रेल्वेच्या तिकीट-तपासनिसाशी जोडतो, कोणी एखाद्या विस्मृत गृहस्थाच्या नावाची ती आद्याक्षरे असावीत असा तर्क करतो. वस्तुतः ती ‘ट्राम टर्मिनस’ या शब्दांची अक्षरे होत. ३१ मार्च १९६४ च्या रात्रीनंतर त्या चौकात ट्राम आलेली नाही. तारा उतरल्या, रूळ उखडले गेले अथवा डांबराखाली गाडले गेले, गाड्या भंगारात निघाल्या. राहिली ती ही दोन अक्षरे.

जे मुंबईत झाले तेच मद्रासेस झाले, दिल्लीस झाले, कानपुरास त्याच्याही आधी झाले. ज्या वाहनाने या देशातील सामान्य नागरिकास प्रथमच पायी न चालता शहरभर हिंडण्याची सोय करून दिली, ते वाहन एका कलकत्त्याखेरीज सर्वत्र नाहीसे झाले, आणि तेथेही त्याचा जीव आता एकदोन मार्गांवरच घुटमळत आहे. ट्राम जुनाट झाली म्हणून गेली, असे सामान्यतः समजले जाते. ही समजूत कितपत खरी आहे, हे तिच्या जन्मापासूनच्या इतिहासावरून ताडून पाहण्याजोगे आहे.

गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकातील मुंबईत रेल्वे होती, गिरण्यांचा आरंभ झाला होता, शेटसावकारांच्या दारी घोड्यांच्या गाड्या होत्या. परंतु ट्राम नव्हती. १८७२ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ६,४४,४०५ भरली. एवढ्या वस्तीच्या गावात ज्याच्या घरी बग्गी नाही व ज्यास भाड्याची गाडी परवडत नाही, त्याने काय करावयाचे? त्याने चालावयाचे. कुलाब्यास कचेरी असलेल्या कारकुनाने पायधुणीपलीकडे बिऱ्हाड करावयाचे म्हटले, तर रोजचा जाण्यायेण्याचा वेळ त्याच्या पायांच्या मगदुरावर ठरे. शहरे दाट का झाली आणि एकेका चाळीत इतकी माणसे का कोंबली गेली, याच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे की, मनुष्य चालून जाईल तेवढ्याच टापूत त्यास राहणे भाग होते.

ट्रामची मूळ कल्पना अगदी साधी आहे. खडीच्या रस्त्यावर चाक जेवढे अडते त्याच्या अल्पांशानेच ते लोखंडी रुळावर अडते. म्हणून तोच घोडा रुळावरून कितीतरी पट अधिक ओझे ओढू शकतो. रेल्वेचे रूळ जमिनीच्या वर उठलेले असतात, ते रस्त्यात चालावयाचे नाहीत. खाचेचा रूळ रस्त्याच्या पृष्ठभागाशी समतल बसविता येतो, अशी युक्ती निघाली आणि ट्राम शक्य झाली. एकाच्या बग्गीचा घोडा वीस-पंचवीस माणसांस ओढू लागला, म्हणजे त्याच्या दाणावैरणीचा खर्च तितक्या जणांत वाटला गेला. ट्रामचे सारे अर्थशास्त्र या एका वाक्यात आहे.

हिंदुस्थानात पहिला प्रयोग कलकत्त्यास झाला आणि तो फसला. २४ फेब्रुवारी १८७३ रोजी सियालदहपासून हुगळीच्या काठी आर्मेनियन घाटापर्यंत सुमारे अडीच मैलांची घोड्यांची ट्राम सुरू झाली. पुरेसे उतारू मिळेनात, म्हणून त्याच वर्षी २० नोव्हेंबरास ती बंद करावी लागली. नऊ महिन्यांत गुंडाळलेल्या या उद्योगावरून त्या वेळी कोणी असा निष्कर्ष काढला असता की, हे वाहन या देशास मानवणारे नाही, तर त्यास हसता आले नसते.

मुंबईची हकीकत याहून निराळी आहे. येथे ट्राम काढण्याची परवानगी एका अमेरिकन कंपनीने १८६५ सालीच मागितली होती आणि ती तिला मिळालीही होती. परंतु ते वर्ष कोणते हे ध्यानात घ्यावयास हवे. अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि शेअरच्या वेडात वाहवलेली मुंबई एका रात्रीत जमिनीवर आली. त्या हलाखीत ट्रामचे रूळ कोण घालतो? बेत कागदावरच राहिला. पुढे १८७३ साली बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली, पुढच्या वर्षी मुंबई सरकारने त्यासाठी कायदा केला, आणि ९ मे १८७४ रोजी स्टर्न्स अँड किटरेज या अमेरिकन पेढीच्या चालकत्वाखाली पहिली गाडी निघाली. मार्ग दोन होते : एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीस, दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीस. भाडे तीन आणे ठेवले होते आणि तिकीट म्हणून काही दिले जात नसे. तीन आणे ही रक्कम त्या काळच्या मजुरास परवडणारी नव्हती. दर लवकरच दोन आण्यांवर आणावा लागला. फुकटे उतारू वाढले तेव्हा त्याच वर्षी तिकिटे छापण्यात आली. म्हणजे मुंबईकराने ट्रामचा स्वीकार केला आणि तिला चुकविण्याची विद्याही पहिल्याच वर्षी संपादन केली!

मुंबईतील ट्रामच्या पागेत नऊशे घोडे होते, असे सांगतात. कंपनीची कचेरी व तबेले कुलाबा कॉजवेच्या पश्चिमेस, सांप्रत जेथे ‘इलेक्ट्रिक हाउस’ उभे आहे तेथे होते. एक किंवा दोन घोडे एक गाडी ओढीत. कलकत्त्यास दुसऱ्या खेपेस ट्राम आली ती १८८० साली. १ नोव्हेंबरास व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले आणि त्याच डिसेंबरात लंडन येथे कलकत्ता ट्रामवेज कंपनीची नोंदणी झाली. एकोणिसावे शतक संपताना या कंपनीजवळ १९ मैल रूळ, १६६ गाड्या, सात वाफेची इंजिने आणि सुमारे हजार घोडे होते.

हे घोडे हीच घोड्याच्या ट्रामची मोठी विवंचना होती. यंत्र उभे असताना काही खात नाही. घोडा उभा असला तरी दाणा मागतो. एका गाडीस दिवसभर फिरवावयाचे तर एका जोडीने भागत नाही, फेऱ्याफेऱ्यांनी अनेक जोड्या बदलाव्या लागतात. चैत्र-वैशाखाच्या उन्हात कलकत्त्यासारख्या दमट गावी परमुलखाहून आणलेले घोडे धापा टाकीत आणि पुष्कळ दगावत. रुळावर ओझे हलके वाटते हे खरे, पण थांबलेल्या गाडीस पुन्हा गती देताना जो हिसका बसतो तो सारा घोड्याच्या खांद्यावर येतो. आणि ट्राम म्हणजे तर थांबण्याचे व निघण्याचेच वाहन. कलकत्त्याच्या कंपनीने १८८२ साली वाफेची इंजिने लावून पाहिली. वाफ दमत नसे, परंतु धूर व आवाज यांमुळे ते शहराच्या रस्त्याचे वाहन कधीच होऊ शकले नाही.

या घोड्यांच्या काळात लहान गावांनीही हौस केली. पाटण्यास शहरापासून बांकीपुरापर्यंत घोड्यांची ट्राम होती. ती १९०३ साली बंद झाली. मुंबई इलाख्यात त्या वेळी मोडणाऱ्या कराचीत १८८५ साली ट्राम आली. तेथे विजेची ट्राम कधी झालीच नाही. घोड्यांनंतर पेट्रोलच्या इंजिनावर चालणाऱ्या गाड्या आल्या आणि फाळणीनंतरही त्या १९७५ पर्यंत धावल्या. महाराष्ट्रास अगदी जवळची म्हणजे नाशिकची ट्राम. रेल्वेचे स्टेशन नाशिकरोडास, गाव गोदावरीकाठी, आणि मध्ये पाचसहा मैलांचे अंतर. यात्रेकरूंचे हाल होत. १८८९ च्या सुमारास अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ही ट्राम सुरू झाली. दोन डबे, त्यांस चार घोडे जोडलेले. तिचे सल्लागार अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप होते, ज्यांनी पुढे बार्शी लाइट रेल्वे उभारली. बार्शीच्या गाडीची रुंदीही अडीच फूटच, हे जाणकारांच्या लक्षात येईल. पंढरीच्या वारकऱ्यांस नेणाऱ्या त्या छोट्या आगगाडीची जणू रंगीत तालीमच नाशिकच्या रस्त्यावर झाली होती. दुष्काळ आणि प्लेग यांनी या ट्रामची कंबर मोडली आणि १९३० नंतर दोनतीन वर्षांतच ती बंद झाली. कोचीन संस्थानातील प्रसिद्ध ट्रामवे मात्र जंगलातील लाकूड वाहण्यासाठी होती. तिची गणना नगरवाहनांत करता येत नाही.

मग वीज आली. येथे एक लोकप्रिय चूक दुरुस्त केली पाहिजे. आशियातील पहिली विजेची ट्राम कलकत्त्यास धावली, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. कलकत्त्याची पहिली विजेची गाडी २७ मार्च १९०२ रोजी एस्प्लनेडहून खिदिरपुरास गेली; मद्रासेस मात्र ती ७ मे १८९५ रोजीच सुरू झाली होती. म्हणजे कलकत्ता आशियात तर नाहीच, पण हिंदुस्थानातही पहिले नव्हे. लंडनच्या रस्त्यांवरदेखील विजेची ट्राम १९०१ साली धावू लागली, हे ध्यानात घेतले म्हणजे मद्रासच्या या साहसाचे मोल कळते. साहसाची किंमतही मद्रासने मोजली. आरंभी तेथे वीज डोक्यावरील तारेतून न घेता रुळांच्या मधोमध जमिनीत केलेल्या नळीतून घेण्याची योजना होती. रस्त्याची शोभा तारांनी बिघडू नये हा तीतला हेतू स्तुत्य खरा. परंतु ईशान्येकडील मोसमी पाऊस मद्रासवर कसा कोसळतो, याचा विचार योजकांनी केला नसावा. नळीत पाणी भरे आणि गाड्या जागच्या जागी उभ्या राहत. अखेर खांब रोवून तारा ओढाव्या लागल्या. पहिली कंपनी बुडाली आणि १९०४ साली नवी कंपनी उभी राहिली. १९२१ साली या कंपनीच्या ९७ गाड्या सुमारे १५ मैल रुळांवर धावत होत्या.

मुंबईत विजेचे आगमन थोड्या निराळ्या मार्गाने झाले, आणि त्याची खूण आजही तेथील पुष्कळ घरांच्या वीजबिलावर पाहावयास मिळते. बाहेरगावच्या मनुष्यास नेहमी नवल वाटते की, मुंबईत बस चालविणारी संस्थाच शहरातील लोकांस दिवे लावावयास वीज कशी विकते? याचे उत्तर ट्राममध्ये आहे. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी निघाली व तिने जुनी घोड्यांची ट्राम विकत घेतली. ट्राम चालवावयाची तर वीज उत्पन्न करावयास हवी. आणि वीज उत्पन्न केल्यावर ती घरांस व दुकानांस विकणे ओघानेच आले. ७ मे १९०७ रोजी मुंबईची पहिली विजेची ट्राम म्युनिसिपालिटीच्या कचेरीपासून क्रॉफर्ड मार्केटकडे निघाली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्यास आठ दिवस असताना, ही कंपनी नगरपालिकेच्या मालकीची झाली. इंग्रजी आद्याक्षरांचे ‘बेस्ट’ हे नाव तसेच राहिले. त्यातील शेवटचे अक्षर तेवढे ‘ट्रामवेज’ऐवजी ‘ट्रान्सपोर्ट’चे म्हणून वाचावयाचे ठरले.

त्याच १९०७ साली कानपुरास गंगेच्या सिरसय्या घाटापासून रेल्वे स्टेशनापर्यंत चार मैलांची एकेरी ट्राम सुरू झाली, आणि ६ मार्च १९०८ रोजी दिल्लीस. दिल्लीची ट्राम चांदणी चौक, जामा मशीद, चावडी बाजार, लाल कुवा, फतेपुरी अशा अगदी जुन्या वस्तीतून जाई. एका बाजूस हत्तीच्या अंबारीची सवय असलेला तो रस्ता, आणि त्यावरून घंटा बडवीत जाणारी उघडी गाडी. तीन वर्षांनी दिल्ली राजधानी झाली तेव्हा नव्या दिल्लीच्या आखीव रस्त्यांवर मात्र तिला जागा मिळाली नाही. ती जुन्या शहराचीच राहिली.

विजेची ट्राम चालविणारा मनुष्य बसत नसे. तो गाडीच्या तोंडाशी उभा असे. डाव्या हाताशी पितळेची मूठ, ती घड्याळाच्या काट्यासारखी एकेक खाच पुढे सरकविली म्हणजे वेग वाढे. उजव्या हाताशी ब्रेकचे चाक. आणि पायाखाली घंटेचा खुंट. छपरावरील लांब दांडीच्या टोकाशी खोबणीचे चाक असे, ते तारेस घासत चाले. वळणावर ते चाक निसटले की दिवे जात, गाडी थांबे आणि कंडक्टर खाली उतरून दोरीने दांडी पुन्हा तारेवर बसवी. पावसाळ्यात रूळ निसरडे झाले म्हणजे चाकांपुढे वाळू सोडण्याची सोय होती. शेवटच्या थांब्यास गाडी वळवावी लागत नसे. कंडक्टर दोरी धरून दांडी अर्धवर्तुळात फिरवी, चालक आपली मूठ काढून घेऊन दुसऱ्या टोकास जाई, आणि मागची बाजू पुढची होई. मुंबईत १९२० साली दुमजली ट्राम आली. गिरगाव-काळबादेवीच्या अरुंद रस्त्यांतून जाताना वरच्या मजल्यावर बसलेल्या उतारूस चाळींच्या गॅलऱ्यांतील संसार हाताच्या अंतरावर दिसे.

ट्रामने केलेली सामाजिक उलथापालथ रेल्वेइतकी बोलली जात नाही, पण ती कमी नव्हती. रेल्वेचा प्रवास वर्षाकाठी कधीतरी घडावयाचा, ट्रामचा रोज. मुंबईत भाडे उतरत उतरत एका आण्यावर आले, तेव्हा गिरणीतील साचेवाला, कचेरीतील कारकून, बाजारास निघालेली गृहिणी, पाटीदप्तर घेतलेला शाळकरी मुलगा ही सारी एकाच बाकावर येऊन बसली. कोण कोणास शिवला, याची चौकशी कंडक्टर करीत नसे. तो फक्त आणा मागे. कलकत्त्यास मात्र कंपनीने दोन वर्ग ठेवले होते. पुढचा डबा पहिल्या वर्गाचा, मागे जोडलेला दुसऱ्या वर्गाचा. पुढे पंखे, मागे वारा मिळेल तेवढा. हा मागचा डबाच एके दिवशी कंपनीस व सरकारास जड जावयाचा होता.

तो प्रसंग १९५३ च्या जुलैतील आहे. ट्राम तोपर्यंत लंडनच्या कंपनीकडेच होती. कंपनीने दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढविले. पैसा ही वस्तू ती केवढी! परंतु फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी कलकत्ता भरून गेले होते, नोकऱ्या नव्हत्या, धान्य महाग होते, आणि रोज दोन वेळा ट्रामने जाणाऱ्यास महिन्याचा हिशेब कळत होता. उतारू गाडीत बसत, जुने भाडे पुढे करीत आणि वाढीव पैसा देण्याचे नाकारीत. डाव्या पक्षांनी प्रतिकार समिती स्थापिली. कंपनी व सरकार हट्टास पेटले. मोर्चे, हरताळ, लाठीमार, गोळीबार, जळत्या ट्रामगाड्या असे एकापुढे एक घडत गेले, आणि महिनाअखेरीस तो पैसा मागे घ्यावा लागला. ट्रामगाड्या जाळणाऱ्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही; तथापि ज्या वाहनाच्या एका पैशासाठी शहर महिनाभर पेटते, ते वाहन त्या शहराच्या जीवनात किती खोल रुतलेले असेल, हेही त्यावरून कळते. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात बंगालीतील थोर कवी जीवनानंद दास ट्रामच्या धडकेने जखमी झाले व आठ दिवसांनी वारले. कलकत्तेकराच्या मनात ट्रामविषयी जो जिव्हाळा आहे त्यात हे दुःखही मिसळलेले आहे.

आता तिच्या ऱ्हासाकडे वळू. पहिली बस मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावली, आणि ती काढली ट्राम कंपनीनेच. बसला रूळ नकोत, तारा नकोत, मार्ग बदलावासा वाटला तर आज बदलता येतो. ट्रामच्या मार्गात हातगाडीचे चाक मोडून पडले तर मागच्या सगळ्या गाड्या ओळीने खोळंबतात. बस वळसा घालून निघून जाते. शिवाय रुळांमधील व रुळांलगतचा रस्ता सुस्थितीत ठेवण्याचे ओझे कायद्याने ट्राम कंपनीच्या माथी असे. तो रस्ता झिजविणाऱ्या मोटारी व खटारे त्याबद्दल तिला दमडी देत नसत. कानपूरची ट्राम १६ मे १९३३ रोजी बंद झाली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले आणि ट्रामवर गर्दीचा लोंढा आला, पण विलायतेहून सुटे भाग येणे दुर्मीळ झाले. जुन्या गाड्यांनी पाचसहा वर्षे दुप्पट ओझे वाहिले आणि युद्ध संपले तेव्हा गाड्या, रूळ, तारा सारेच खिळखिळे झाले होते. नवे भांडवल घालण्याची हीच वेळ होती आणि नेमके त्याच वेळी ते कोणी घातले नाही. मद्रासची कंपनी दिवाळखोरीत निघून एप्रिल १९५३ मध्ये तेथील ट्राम थांबली. दिल्लीची १९६३ साली गेली. मुंबईत एकेक मार्ग कमी होत होत अखेरची गाडी ३१ मार्च १९६४ रोजी रात्री दहा वाजता बोरीबंदराहून दादरास निघाली. तिच्यात बसण्यासाठी झुंबड उडाली होती, आणि दुतर्फा लोक तिला निरोप देण्यास उभे होते. विजेवर चालणारे वाहन अगदीच सोडू नये म्हणून गवालिया टँक ते माझगाव गोदी या मार्गावर १९६२ पासून रुळांवाचून, नुसत्या तारेवर चालणारी ट्रॉलीबस घालून पाहिली होती. तीही १९७१ साली बंद झाली.

ट्राम उठविण्याच्या बाजूने जी कारणे सांगितली गेली, त्यांत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. ती हळू चाले, खडखडाट करी, उतारूंस रस्त्याच्या मधोमध उतरून वाहनांतून वाट काढावी लागे. परंतु सर्वांत मोठे कारण म्हणून जे पुढे केले जाई ते हे की, ट्राम रस्ता अडविते. या एका आरोपाची छाननी कोणी फारशी केली नाही. पन्नास-साठ माणसे एका ट्राममध्ये जातात. तेवढीच माणसे मोटारीतून जावयाची म्हटली तर अर्धा मैल रस्ता भरून जातो. मग अडविणारा कोण आणि अडला कोण? रस्ता बांधला नगरपालिकेने, सर्वांच्या पैशाने. त्यावर हक्क सांगताना मात्र एकेकट्या मोटारवाल्याचा आवाज मोठा ठरला. रुळांवरून मोटारी चालू द्यावयाच्या की नाहीत, असा प्रश्न ज्या गावांनी स्वतःस विचारला, त्यांना निराळे उत्तर मिळाले. फ्रान्समधील नांत शहराने आपली जुनी ट्राम उखडून टाकल्यावर १९८५ साली नवी घातली, स्ट्रासबुर्गने १९९४ साली. दोन्ही ठिकाणी ट्रामसाठी रस्त्याचा स्वतंत्र भाग राखून ठेवण्यात आला. लंडनने १९५२ साली ट्राम काढून टाकली आणि २००० साली त्याच लंडनच्या दक्षिण भागात, क्रॉयडनला, ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे वाहन जुनाट होते हे कारण तेथे तरी टिकले नाही.

कलकत्त्यास ट्राम टिकली याचे श्रेय काही अंशी दूरदृष्टीस व काही अंशी दारिद्र्यास द्यावे लागेल. फेब्रुवारी १९४३ मध्ये, जपानी बाँबहल्ल्यांच्या सावटाखाली, हावड्याचा नवा पूल गाजावाजा न करता खुला झाला, तेव्हा त्यावरून गेलेले पहिले वाहन ट्रामच होते. राज्य सरकारने १९६७ साली कंपनीचा कारभार हाती घेतला व १९७६ साली ती राष्ट्रीय मालकीची केली. मालकी सरकारची झाल्यामुळे ट्राम एकदम बंद पडली नाही. आणि खर्चास पैसा नसल्यामुळे ती सुधारलीही नाही. हावड्याकडील मार्ग १९७०-७१ मध्ये उठले. उलट १९८५ साली माणिकतळ्यापासून उल्टाडांग्यापर्यंत व १९८६ च्या अखेरीस बेहाल्यापासून जोक्यापर्यंत नवे रूळ घातले गेले. साऱ्या देशात ट्राम मेली असता एक शहर तिचे रूळ वाढवीत होते! परंतु १९९३ साली हावडा पुलावरील ट्राम थांबली, कारण ज्या पुलाने तिला प्रथम वाट दिली त्यासच तिचे ओझे होत आहे, असे ठरले. भुयारी रेल्वेच्या कामासाठी रस्ते खणले गेले आणि काही मार्ग ‘तात्पुरते’ म्हणून बंद झाले ते तसेच राहिले. २०१८ साली माझेरहाटचा पूल कोसळल्यावर इतर पुलांवरील वजनाची धास्ती वाढली. मे २०२० मधील अंफान वादळाने तारा तोडल्या.

अशा पडत्या काळात ट्रामला मित्र मिळाले ते मेलबर्नचे. आपल्या शहराची ट्राम जपणाऱ्या त्या ऑस्ट्रेलियन मंडळींनी १९९६ पासून कलकत्त्याच्या ट्राम-कामगारांशी स्नेह जोडून ‘ट्रामजात्रा’ नावाचा उत्सव सुरू केला. रंगवलेल्या गाड्या, गाणी, मुलांची चित्रे. जत्रा हा शब्द मराठी वाचकांस समजावून सांगावयास नको. २०२३ साली त्या फसलेल्या पहिल्या प्रयोगापासून दीडशे वर्षे पूर्ण झाली, तोही सोहळा झाला.

दुसऱ्याच वर्षी, सप्टेंबर २०२४ मध्ये, पश्चिम बंगालच्या परिवहन मंत्र्यांनी जाहीर केले की, एस्प्लनेड ते मैदान हा छोटा मार्ग वारसा म्हणून ठेवून बाकीची ट्राम बंद करण्यात येईल. कारण तेच दिले गेले : रस्त्यावरील गर्दीत ट्राम वाहतूक अडविते. ट्रामप्रेमी नागरिक रस्त्यावर उतरले, आणि ट्राम वाचविण्याचा हा वाद कलकत्त्याच्या उच्च न्यायालयापुढेही गेलेला आहे.

इकडे मुंबईत २०१७ साली फ्लोरा फाउंटनच्या कारंज्याची डागडुजी चालू असता, भोवतालची जमीन खणताना डांबराच्या थरांखाली ट्रामचे जुने रूळ लागले. पाहणाऱ्यांत वयस्क मंडळी होती. कोणत्या रुळावरून गाडी कुलाब्याकडे जाई आणि कोणत्या रुळावरून ती बोरीबंदराकडे वळे, हे त्यांस अजून बोटाने दाखविता येत होते.